सवलतीच्या गाडीत बसतं कोण?

मंडळी, पोलिओमुळे माझा एक पाय लहानपणापासून अधू. यंदा अपंगांसाठीच्या सवलतीत हातानं ब्रेक लावायची मोटार घेतली.

आज घोडेगावला निघालो, तर महाळुंगे पडवळच्या स्टँडवर माझा शाळासोबती बबन फटफटी बिघडल्यामुळं एसटीची वाट बघत उभा. इतकी वर्षं त्याच्याच फटफटीवर मागं बसून मी बाजाराला जायचो.

"बस की रं," म्हटलं.

"नको राव! सरकारच्या जावयाची गाडी ती. आमचे पाय धड, आमाला कुठली सवलत?"

स्टँडवरचे सगळे हसले. एसटी आली, तो चढला.

वाटेत शाळेतली कविता आठवली. तेव्हा एक ओळ मी म्हणायचो, पुढची बबन. आज पहिली म्हणून जरा थांबलो. मग पुढचीही मीच म्हटली.

तुम्ही बसला असता का हो?