हसनचाचांची मूठ

हसनचाचा कुठेही गेले की आधी वाकून मूठभर वाळू उचलायचे. मूठ आवळायची, उघडायची, आणि वाळूचा गोळा तळहातावर टिकतो की ढासळतो ते बघायचं. दुबईत, अल क्वोजच्या आमच्या दगडांच्या यार्डात ते मुकादम होते, अवजड दगड हलवणाऱ्या गँगचे. मूळ रत्नागिरीकडच्या एका बंदरातले, शाळा चौथीपर्यंत. मी ऑफिसात ड्रॉइंग काढायचो, आणि मेहरा नावाचा प्रोजेक्ट मॅनेजर आम्हा दोघांच्या डोक्यावर बसलेला. त्याचं नाव निघालं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दुपारी जेवताना चाचा मोबाईलवर पिरॅमिडचे व्हिडिओ बघायचे. त्यांच्या डब्यातलं बांगड्याचं कालवण निम्मं माझंच असायचं. एकदा मेहरा येऊन म्हणाला, "इन्सान के बस की बात नहीं. एलियन्स ने बनाया होगा."

तो वळताच चाचा उसळले. "वा रे वा! घाम माणसांचा आणि नाव आसमानातल्यांचं? अरे कदम, भिंतीवर चित्र काढून ठेवलंय त्यांनी. बिनचाकी गाड्यावर भला थोरला पुतळा, पुढं दोरी ओढणारी माणसं, आणि एक जण वाळूवर पाणी ओततोय. पिरॅमिडचे दगड पण असेच ओढले असतील. आम्ही नाय पावसाआधी होड्या वर काढत? कोरडी वाळू पुढ्यात ढीग करते, चिखल गिळतो. मधली ओल सापडायला हवी, बस्स."

पुढे उम्म अल कुवैनला, एका रिसॉर्टच्या बागेत छोटा पिरॅमिड उभारायचं काम आम्हाला मिळालं. खाडीकाठची जमीन इतकी भुसभुशीत, की क्रेन आत नेता येईना. मेहराचं तोंड एवढंसं झालं. चाचांनी लाकडी गाडा ठोकून घेतला, वाटेवर झारीनं पाणी शिंपडलं, मूठ आवळून पाहिली, आणि चाळीस माणसांकडून चार टनांचा पहिला दगड जागेवर नेला.

आठवड्यानं रिसॉर्टच्या अरब मालकापुढे प्रेझेंटेशन झालं. स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'संकल्पना : मेहरा'. ती स्लाइड मी केली होती. माझा व्हिसा रिन्यू व्हायचा होता, मेहरानं सांगितलं आणि मी मुकाट टाइप केलं. चाचांना फोटोसाठी बोलावलं होतं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "साहब, मेरा नाम?"

"चाचा, यू आर लेबर. आयडिया मॅनेजमेंट की होती है," मेहरा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून चाचा यार्डाच्या गेटवर, गाड्यांचे नंबर लिहायला. तीस वर्षं मुकादमी केलेला माणूस! मी धीर द्यायला गेलो, स्लाइडचं मात्र बोललो नाही. ते म्हणाले, "थांब. त्याचा घडा भरू दे."

भरलाच. दुसरा दगड मेहरानं मालकासमोर स्वतः हलवायला घेतला. मूठबिठ काही नाही, सरळ टँकर मोकळा केला. जास्त पाणी म्हणजे जास्त सोपं, असा त्या शहाण्याचा समज! गाडा दगडासकट चिखलात रुतला. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू? मालक एवढंच म्हणाला, "गुरुवारपर्यंत दगड जागेवर. नाहीतर खलास."

मेहरा गेटवर आला. चाचांनी त्याला भर उन्हात उभं ठेवलं, आलेल्या ट्रेलरचा नंबर सावकाश उतरवला आणि मग म्हणाले, "आऊंगा. लेकिन रस्सी पे पहला हाथ आपका. मालिक के सामने."

त्यांनी चिखल उपसून घेतला, नवी वाळू पसरली. गुरुवारी ते खुर्ची टाकून बसले आणि ओरडले, "साहब, हैसा बोलो! जोर से!" मेहराचे चकाचक बूट, इस्त्रीचा शर्ट, लालबुंद तोंड. सगळी गँग हसत होती, मी सर्वांत मोठ्यानं.

"कदम, हसतोस काय?" चाचा वळले. "दुसरा हात तुझा. स्लाइडवर त्याचं नाव तूच टाइप केलंस ना?"

मी दोरी धरली. दगड जागेवर पोचेपर्यंत दोन्ही हात सोलवटून निघाले.

मेहरानं मालकासमोर कबूल केलं, "आयडिया चाचा की थी." आणि हात पुढे केला. चाचांनी तो घेतला. "माफ किया."

मग मी हात पुढे केला. त्यांनी तो पाहिला, पण घेतला नाही. "तो परका होता रे. तू माझ्या डब्यात जेवायचास."

त्याच महिन्यात नोकरी सोडून ते गावी गेले. दर ईदेला मी फोन लावतो. मुलगी उचलते, म्हणते, "अब्बा घरात नाहीत." आणि तिच्या मागून चाचांचा खणखणीत आवाज येतो, "सांग त्याला, उद्या पण नसणारेत."