पहिल्या रांगेतला कागद

सोलापुरातल्या एका शाळेत मी मराठी शिकवते. वर्गात तेलुगू, कन्नड, दखनी सगळं कानावर पडतं, आणि परिसंवादाला बोलावलं की मी हे मोठ्या तोऱ्यात सांगते. मुलांची बोली दाबू नका, म्हणते. टाळ्याही घेते. म्हणूनच पुढचं सांगायची लाज वाटते.

गेल्या वर्षी वादविवाद स्पर्धेचा विषय होता, शिक्षण मराठीतून की इंग्रजीतून. आमच्याकडे पद्धत अशी की भाषण बाईंनी लिहायचं आणि मुलांनी घोकायचं. वाद मुलांचा, मतं बाईंची! मी मराठीच्या बाजूने वसतिगृहातली आठवीतली एक मुलगी निवडली. आईबाप माळशिरसकडे मेंढरं राखणारे. पोरगी धीट, आवाज खणखणीत. पंधरा दिवस मी हात धुऊन तिच्या मागे लागले. 'न्हाय' नको, 'नाही' म्हण. इथे थांब, इथे हात वर कर. बिचारी सगळं करत गेली.

स्पर्धेच्या दिवशी तिची आई पहाटेच्या एसटीने आली. लेकीला स्टेजवर बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. मीच तिला पहिल्या रांगेत शेजारी बसवलं. माझ्या मांडीवर भाषणाचा कागद होता, मुलगी अडली तर शब्द पुरवायला.

पहिली दोन मिनिटं झकास गेली. मग 'माता आणि मातृभाषा' या माझ्या लाडक्या वाक्यावर तिने आईकडे पाहिलं, आणि कागदावरचं सोडूनच दिलं.

"माझी आई नुसत्या चालीवरनं मेंढरू आजारी हाय का वळखती. त्या चालीला तिच्याकडं धा शब्द हायत. साळंत मला त्यातला एक बी कुणी इचारला न्हाय."

एका परीक्षकाने पेन खाली ठेवलं. आणि मी? नंबर जाणार, शाळेत माझी शोभा होणार, एवढंच डोक्यात. मी खालून कागदावरचं पुढचं वाक्य पुरवलं. तिने ऐकलं नाही म्हणून पुन्हा, जरा मोठ्याने. तिने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग तिला माझंही आठवेना, स्वतःचंही सुचेना. घंटा वाजेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

बाहेर आल्यावर तिची आई माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली.

"बाई, पोरीला रागं भरू नगा. मीच म्होरं बसाय नगं हुतं. मला बघून चुकली ती."

चुकले मी होते. तेवढं एक वाक्य बोलायला मला कागद लागत नव्हता. पण मी काय म्हणाले, तर "असू द्या, पुढच्या वेळी बघू." वर मान हलवून मोठेपणा घेतला. आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

यंदा स्पर्धा जाहीर झाली तेव्हा मी तिला मुद्दाम बोलावलं. म्हटलं, या वेळी तुझं तूच लिही, तुझ्या घरच्या बोलीत लिही, मी एक शब्द बदलणार नाही. दोन दिवसांनी ती आली. वहीचं पान कोरं होतं. तिने ती वही माझ्यापुढे सरकवली आणि अगदी शुद्ध मराठीत, एकही अक्षर न चुकता म्हणाली,

"तुम्हीच लिहून द्या, बाई. मला माझं काही आठवत नाही."