तुळशीरामभाऊंचा गाल आणि नागपूरचं ‘एक्सिजन’

“मॅडम, एक्सिजन म्हणजे काय रायते जी?”

तुळशीरामभाऊ नागपूरहून घरी न जाता थेट माझ्या दवाखान्यात आले होते. सोबत त्यांची बायको, मंदाबाई. मी गोंडपिपरीत दातांची डॉक्टर. डाव्या गालातली जखम भरत नाही म्हणून भाऊ आधी माझ्याकडेच आले होते आणि मला ती बघताक्षणीच आवडली नव्हती. मीच त्यांना नागपूरला धाडलं. तिथं जखमेचा तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. सर्जन म्हणाले, वाइड एक्सिजन करू. भाऊंनी तो शब्द बसमध्ये रस्ताभर घोकत आणला होता. नाटकवाल्याचं पाठांतर, एक अक्षर इकडचं तिकडं झालं नव्हतं.

आमच्या धंद्यात ‘काढणे’ एवढ्यावर भागत नाही. दात काढला की एक्स्ट्रॅक्शन. नुसती चीर दिली तर इन्सिजन. आणि एखादा भाग कापून शरीरापासून वेगळाच केला, तर एक्सिजन. पुढं ‘वाइड’ लागलं की रोगट भागाबरोबर भोवतालचं थोडं चांगलं मांसही काढायचं. कॅन्सरची कड डोळ्यांना दिसते तिथंच संपते असं नसतं, म्हणून.

“सडका बटाटा कापताना डागाभोवतीचा थोडा चांगला भागही आपण टाकतो ना, तसं,” मी म्हणाले.

मंदाबाईंना लगेच पटलं. भाऊंना नाही.

“चांगलं बी काढता? मंग थोडं कमी काढा म्हणा ना त्याईले.”

“भाऊ, ही घासाघीस भाजीबाजारात करायची. इथं नाही.”

पण त्यांची घासाघीस उगाच नव्हती. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी नाटकं लागतात, ती पार होळीपर्यंत. गावात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती भरल्या की नाटक पाहिजेच. भाऊ त्या नाटकांतले खलनायक. एंट्रीला ते तोंड भरून हसायचे, पोरं शिट्ट्या मारायची आणि लहान लेकरं आईच्या पदरात शिरायची. मी स्वतः त्या हसण्यासाठी तिकीट काढून गेलेली आहे.

“हासता येईन का मंग?” त्यांनी विचारलं.

“येईल. तोंड थोडं कमी उघडेल, व्यायाम करावा लागेल. पण येईल.”

त्यांनी नेमकं ‘थोडं कमी’ एवढंच उचललं.

“आता बुकिंग लागून राह्यलं, मॅडम. होळी झाली का करू. कंपनीनं मायी जागा दुसऱ्याले देल्ली तं मी काय करू?”

“जागा गेली तं जाऊ द्या,” मंदाबाई म्हणाल्या. “तुमी रायले पायजे.”

मी समजावलं, रागावले, त्यांच्यासमोर सर्जनना फोन लावून स्पीकरवर टाकला. भाऊंनी सगळं मन लावून ऐकलं, हात जोडले आणि तालमीला निघून गेले.

ऐन सीझनमध्ये मंदाबाईंनी त्यांना अक्षरशः ओढत आणलं. गाल बाहेरून फुगलेला दिसत होता. मी पहिला प्रश्न खर्र्याचा विचारला. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून करतात तो खर्रा. आमच्याकडे तो चहासारखा पाहुण्यापुढं येतो.

“डाव्या गालात ठेवतच नाई जी,” भाऊ म्हणाले. “तुमी सांगतलं तवापासून सारा उजवीकडं.”

हे त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की क्षणभर मला रागावताही येईना. मग भरपूर रागावले.

“काय करू, मॅडम? ज्या गावी जातो तिथी लोकं मायेनं हातावर ठेवतेत. कलाकार नाई म्हणला तं माजला म्हणतेत.”

लोक खरंच तसं म्हणतात. मी पुन्हा नागपूरला जायला सांगितलं. भाऊ म्हणाले, होळी.

दिलेला शब्द त्यांनी पाळला. होळी झाली आणि ते आपणहून नागपूरला गेले. तोवर रोग जबड्याच्या हाडापर्यंत पोचला होता. सर्जननी आता एक्सिजन हा शब्द वापरला नाही. रिसेक्शन म्हणाले. म्हणजे हाडासकट मोठा भाग छाटून काढणं. अर्धा खालचा जबडा गेला. छातीचं मांस वर आणून गाल भरला. आमच्या भाषेत ऑपरेशन यशस्वी झालं, कारण कापलेल्या कडांमध्ये कॅन्सर सापडला नाही.

यंदा दिवाळीनंतर भाऊ दाखवायला आले. बरे आहेत. बोलतात, पण ते मंदाबाईंनाच कळतं. कंपनीची गाडी त्यांच्याशिवाय गावोगाव फिरते आहे. तपासून झाल्यावर त्यांनी मला काहीतरी विचारलं. मला समजलं नाही. मी मंदाबाईंकडे बघितलं.

“ते इचारतेत,” त्या म्हणाल्या, “तवाच केलं असतं तं हासता आलं असतं का?”

अशा वेळी ‘नक्की सांगता येत नाही’ हे आमचं ठरलेलं उत्तर असतं. ते अगदी जिभेवर आलं होतं. पण माणसानं सरळ विचारलं होतं.

“हो भाऊ,” मी म्हणाले. “बहुतेक आलं असतं.”

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा काहीतरी बोलले. ते मात्र मंदाबाईंनी मला सांगितलं नाही. पदरानं त्यांची हनुवटी पुसली आणि म्हणाल्या, “चला, बस निघून जाईन.”

मला त्या दोघांचं फार वाईट वाटतं, अजूनही. आमच्या पुस्तकात एक्सिजनची व्याख्या एका ओळीची आहे. किती काढायचं ते सर्जन ठरवतो, असं त्यात धरून चाललेलं आहे. प्रत्यक्षात ते रोगी किती थांबला त्यावर ठरतं.