सुजार्वोंची चकाकती मोटारसायकल

इंडोनेशियातल्या वोनोसारी गावचे सुजार्वो कार्तोदिमेजो (१९५८–२०१६) यांनी ईदला स्वतःच्या मोटारसायकलवरूनच सासुरवाडीला जाण्याचा पण केला होता. बसमधून उतरणाऱ्या जावयाला सासरे माणसात धरीत नसत. त्यांनी भंगारातली एक गाडी घेतली आणि होता नव्हता तो पैसा रंगात व क्रोमच्या मुलाम्यात घालवला.

"अहो, पिस्टन झिजलाय म्हणतो मिस्त्री," पत्नी तुमिनी म्हणाली.

"पिस्टन काय तुझ्या बापाला दिसणार आहे?"

बुद्धीचे हे प्रदर्शन आटोपून दोघे निघाली. गावाअलीकडच्या चढावर इंजिन जाम झाले. नव्या बाटिक सदऱ्यात घामाघूम होऊन सुजार्वो गाडी ढकलीत अंगणात शिरले, तेव्हा सगळे आप्त तिथे जमलेले होते.

सासऱ्यांनी पेट्रोलच्या चकचकीत टाकीवर वाकून आपल्या मिशा न्याहाळल्या. "आरसा झकास आणलात, जावईबापू. पण एवढा जड कशाला?"

ईदला धाकट्यांनी वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकून वर्षभराच्या अपराधांची क्षमा मागायची असते. सुजार्वोंनी रीतसर मागितली. सासऱ्यांनी सगळे अपराध माफ केले, गाडीचा तेवढा वगळला.

जावई बसने परतले. गाडी गोठ्यातच राहिली, आणि ती एक क्षमा सासरे वारले तरी द्यायची राहूनच गेली.