कौसाबाईचा फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. राजापेठेत पत्रकं वाटताना मी जातीवर तासभर बोलते, समोरच्याला खडे सवाल करते — आणि हे मात्र गिळून बसते. आज तुम्हाला सांगते.

कारगिलचा उन्हाळा. मी नऊ वर्षांची, दर्यापुरात. फोन आसपास एकट्या आमच्याकडे, म्हणून मागच्या बौद्ध वस्तीतल्यांचे फोनही आमच्याच नंबरवर यायचे. रीत ठरलेली — करणारा निरोप सांगून ठेवून द्यायचा, आम्ही पोरं पळत जाऊन माणसाला बोलावून आणायचो, थोड्या वेळानं पुन्हा घंटी. कौसाबाईचा मिलिंद फौजेत होता. युद्ध लागल्यापासून मजुरीवरून परतली की ती आमच्या ओट्याखाली येऊन बसायची. फोन आला तरच आत. ती बोलून गेली की माझी आई रिसीव्हर पुसून घ्यायची. मला ते खटकायचं? नाही. खोटं कशाला बोलू?

आणि आम्ही पोरं तर काय, मोठे देशभक्त! जवानांच्या मदतीचा डबा गळ्यात अडकवून चौकात घोषणा द्यायचो. माझा आवाज सगळ्यात वर.

मजुरीला सुट्टी असलेल्या एका दुपारी मी घरात एकटीच होते. फोन वाजला.

"बेटा, मिलिंद बोलून राहिलो, जम्मूहून. मायले बोलावून ठेव. उद्या वर बॉर्डरवर जा लागते."

मी उठले नाही.

टीव्हीवर मॅच होती म्हणून — असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. मॅच? त्या दुपारी वीज तरी होती का! खरं सांगते. आदल्या दिवशी मी कौसाबाईला बोलवायला गेले, तिनं दिलेलं पाणी प्याले, आणि ते मैत्रिणींनी पाहिलं. "आता आमच्या माठाले हात नको लावू वं!" — सगळ्या खिदळल्या. मला पुन्हा त्या वस्तीत जायचं नव्हतं. एवढंच. एवढ्यासाठी.

पुन्हा घंटी वाजली. मी म्हणाले, "त्या गावाले गेल्या."

पलीकडून एवढंच — "बरं, बेटा."

संध्याकाळी कौसाबाईनं विचारलं, फोन आलता का? मी मान हलवली. नाही.

मिलिंददादा जिवंत परतला. म्हणून मी सुटत नाही. पेढे घेऊन तो आमच्या ओट्यापाशी आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "माय, लेक मराले चालला अन् तू गावाले फिराले काहून गेलती?"

कौसाबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं — लगेच कळलं.

"गेलती बाप्पा," ती म्हणाली. "चुकलंच माह्यं."

मग नळावर बाया टोचायच्या — "लेक बॉर्डरवर अन् माय पाव्हणपणाले!" ती ऐकून घ्यायची. मी दिसले की विचारायची, जेवली का वं? मी उत्तर न देताच पळायचे.

गेल्या वर्षी कौसाबाई वारली; अकोल्यात तिच्या पुण्यानुमोदनाला, शोकसभेला, गेले. माईकवर मिलिंददादा रडत होता. "मायनं मले कधीच अंतर दिलं नाही. फक्त त्या एका दिवशी नव्हती."

त्याच्यानंतर बोलायला मला उभं केलं. मी समतेवर बोलले, आईपणावर बोलले. लोकांनी डोळे पुसले. मी खाली बसले.

कौसाबाई त्या दिवशी घरीच होती. मी तिला बोलवायला गेले नाही.