आभारप्रदर्शन

ऑफिसात आभारप्रदर्शन नेहमी सगळ्यांत बुजऱ्या माणसाच्या गळ्यात पडतं. यंदा टपाल विभागातल्या सावंतबाई उठल्या, तेव्हा समोशांचा वास सुटला होता आणि खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. बाईंचा आवाज कापत होता. पण चिठ्ठीतलं नाव वाचलं की त्या थांबायच्या आणि तो माणूस सभागृहात शोधायच्या. “गणपतराव कुठं बसलेत? हां, दिसलात. खुर्च्या तुम्ही मांडल्यात, तुमचे आभार.” मग कुणी उठेना. आपण कधी सापडतो, याची जो तो वाट पाहत बसला.

त्याआधी मी अर्धा तास न अडखळता बोललो होतो. टाळ्याही पडल्या होत्या. समोर कोण कोण बसलं होतं, ते मला बाईंमुळे कळलं.