बाजूला वळा म्हणणारे मास्तर

"जरा बाजूला वळा." आमचे चित्रकलेचे मास्तर नव्या माणसाला पहिलं हेच सांगायचे. रामराम नंतर. माणूस वळला की एक डोळा मिटून त्याचं नाक बघायचे आणि तो रोमचा कोणता बादशहा ते ठरवायचे. बारामतीच्या पेठेत असे बरेच बादशहा होते. चहावाला नीरो, कारण मान जाड. मी हौसेनं वळून उभा राहिलो तर म्हणाले, "तू अजून टाकसाळीतच आहेस. ठसा उठायचाय."

मी शिमग्यात त्यांची नक्कल करायचो. ते पुढं बसून पोट धरून हसायचे आणि जाताना चूक सांगायचे, "मी डावा डोळा मिटतो, गाढवा."

हे वेड पुण्याचं. तरुणपणी त्यांनी एका साहेबाच्या जुन्या रोमन नाण्यांची चित्रं काढली होती. साहेब कपाट उघडायचा नाही, काचेतनंच बघायला लावायचा. त्यामुळं नाक, हनुवटी, केसांची बट यावरनं राजा ओळखायला ते शिकले, पण खरं नाणं हातात कधी आलं नाही. "नुसतं वजन तरी कळायला हवं होतं," म्हणायचे.

एक दिवस लासुर्ण्याचं जोडपं त्यांच्या ओट्यावर आलं. बाई पोटुशी, दुसरेपणावर दिलेली. पहिली बाळंतपणात गेली होती, पोटच्या पोरासकट. आपल्याकडं अशा वेळी दुसरी बायको पहिलीचा टाक, म्हणजे तिच्या नावानं कोरलेलं तोंड, गळ्यात घालते, म्हणजे ती कोपत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. यांच्या घरात विहीर खणताना सापडलेलं सोन्याचं नाणं होतं. त्यावरच्या तोंडाला दाढी नाही, मिशी नाही, केसांत पानं माळलेली. बाईच ती, म्हणून लाखेवर बसवून तेच गळ्यात घातलेलं.

आता इंदापूरचा सोनार म्हणाला होता, हा बाप्या हाय. झालं. सासूनं घर डोक्यावर घेतलं. सवतीला जागाच दिली नाही, ती रागावली असणार, हिलाही घेऊन जाईल, आटवा ते आणि नवा टाक करा. सोनाराकडं जायच्या आधी नवऱ्याला कुणीतरी मास्तरांचं नाव सांगितलं होतं.

बाई हळूच म्हणाली, "मी हिला अक्का म्हनती, मास्तर. रोज आदी हिच्याम्होरं घास ठेवती. खरं सांगा, बाप्या हाय का?"

मास्तरांनी टाक हातात घेतला. डावा डोळा मिटून बघितलं. मी त्या दोघांच्या मागनं खुणा करत होतो, बाई आहे म्हणून सांगा, तुमचं काय जातंय.

"राजा आहे," मास्तर म्हणाले. "तिबेरियस."

बाईनं दोन्ही हात पोटावर धरले. नवरा उठायला लागला.

"थांबा हो. पाठ कुठं बघितलीय अजून?"

आतनं निखारा आणवून त्यांनी टाकाला शेक दिला. लाख सुटली, नाणं तळहातावर पडलं. पाठीमागं एक बाई बसलेली, हातात डहाळी.

"ही कोन?" बाईनं विचारलं.

"जाणकार म्हणतात, ही त्याची आई."

बाईनं वाकून बघितलं. मग नवऱ्याला म्हणाली, "मायल्येकरं हायती, वो. अक्का कुटं ग्येली न्हाय. ल्येकाला म्होरं करून मागं बसली हुती." नवरा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. सोनाराचं नाव पुन्हा निघालं नाही.

मास्तरांच्या मुठीत नाणं अजून होतं. थोडे दिवस ठेवतो म्हणाले असते तर दोघं नाही म्हणाले नसते. पण बाईनं हात पुढं केला आणि मास्तरांनी दिलं. दोन्ही बाजू दिसतील अशी कडी लावून घ्या, एवढंच सांगितलं. संध्याकाळी मात्र जेवले नाहीत. उजवा तळहात उघडून ओट्यावर बसले होते.

मास्तर त्याच साली वारले. पुढं एकदा ती बाई पोर दाखवायला आली, तर दाराला कुलूप. मीच सांगितलं. ती ओट्यावर टेकली. कडेवरची पोर दात येत होते म्हणून टाक चघळत होती, राजाच्या हनुवटीवरनं लाळ गळत होती. बाईनं तो हळूच सोडवला आणि पदरानं पुसला. आधी आईचं तोंड, मग लेकाचं, मग पोरीचं.